मालकाचा वाडा, कारभाऱ्याचं घर की कुळाचा गोठा? टस्कनीतल्या इस्टेटीत खोली घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फ्लोरेन्स आणि रोमच्या मध्ये चार रात्री सिएनाच्या दक्षिणेला एखाद्या जुन्या इस्टेटीत राहायचं आहे. सोबत नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, घर शाकाहारी. फोटो बघून तीन जागा निवडल्या आहेत आणि तिन्ही महाग आहेत. पैसे वसूल होतील का, आणि बुकिंगआधी मालकाला काय विचारायचं?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. पैसे वसूल होतील, पण त्या चार दिवसांत रोज सकाळी आठला गाडीत बसून पिसा, सान जिमिन्यानो, चिंक्वे तेर्रे अशी यादी संपवणार असाल तर नका घेऊ. त्यापेक्षा फ्लोरेन्सच्या स्टेशनजवळ साधं हॉटेल घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलंचुंगलं खा. इस्टेटीत तुम्ही तिथे बसून राहण्याचे पैसे देत असता. ज्याला दुपारी अंगणात खुर्ची टाकून दोन तास काही न करता बसता येत नाही, त्याने या फंदात पडू नये, असं मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो. सोळा वर्षं मराठी मंडळींच्या इटलीच्या सहली आखतोय, त्यात हे सांगून थोडी गिऱ्हाइकं गमावली, पण भांडणं वाचली.

मालकाला विचारायचा पहिला प्रश्न न्याहारीचा नाही, वायफायचाही नाही. विचारा, 'आम्हाला देताय ती खोली ज्या इमारतीत आहे, तिथे पूर्वी काय होतं?' बाकीचे निम्मे प्रश्न या उत्तरात सुटतात. कसे, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

इस्टेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक महाल आणि भोवती बाग येते. टस्कनी, ऊंब्रिया, मार्के या मध्य इटलीच्या पट्ट्यात इस्टेट म्हणजे शेतीची एक अख्खी व्यवस्था होती. तिचं नाव मेत्झाद्रीया. 'मेत्झो' म्हणजे अर्धा. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसायला देत, तोच प्रकार: जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाने आणि पीक निम्मं निम्मं. शिवाय सणावाराला मालकाच्या घरी खस्सी कोंबडे आणि अंडी पोचवायची ती वेगळीच. एका इस्टेटीत अशी दहावीस शेतं असत, मोठीत त्याहून बरीच जास्त. प्रत्येक शेताला पोदेरे म्हणत आणि प्रत्येक पोदेरेवर एक मोठं एकत्र कुटुंब नांदे. मध्यभागी फात्तोरिया. तिथे दारूची तळघरं, ऑलिव्हचा घाणा, धान्याचं कोठार आणि हिशेबाची वही सांभाळणारा फात्तोरे, म्हणजे कारभारी. मालक बहुधा फ्लोरेन्स किंवा सिएनाला राही. उन्हाळ्यात आणि द्राक्षं उतरवायच्या दिवसांत तो गावच्या विल्लात, म्हणजे वाड्यात, येई.

म्हणजे एकाच इस्टेटीत तीन प्रकारची घरं: मालकाचं, कारभाऱ्याचं, कुळाचं. आज तिन्हींत पाहुणे राहतात, वेबसाइटवर तिन्हींना एकच नाव असतं, आणि फोटोत तिन्हींचा दगड तितकाच सुंदर दिसतो.

मालकाच्या विल्लात सगळी शान पहिल्या मजल्यावर असते. त्याला पियानो नोबिले म्हणतात. उंच छतं, भिंतींवर चित्रं, लांबरुंद दिवाणखाने. खाली तळघरं आणि कामाच्या खोल्या, अगदी वर छपराखाली नोकरांच्या. हॉटेल झाल्यावर पहिल्या मजल्याचे सर्वांत जास्त पैसे लागतात आणि छपराखालच्या खोलीला काहीतरी काव्यमय नाव मिळतं. जिना रुंद आणि पायऱ्या बेताच्या असतात, पण लिफ्ट असेलच असं नाही. यात मालकाची कंजुषी नसते. अशा पुष्कळ वास्तू 1939 च्या वारसा कायद्यापासून सरकारी संरक्षणाखाली आहेत (आता 2004 ची सांस्कृतिक वारसा संहिता लागू आहे), आणि सोप्रिन्तेन्देन्त्सा नावाच्या वारसा खात्याच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. लिफ्टसाठी तीन मजल्यांच्या छताला भोक पाडायची परवानगी सहसा मिळत नाही. बाथरूम एखाद्या जुन्या कोनाड्यात कोंबलेली असते तीही याच कारणाने.

कुळाच्या घराला कासा कोलोनिका म्हणतात. खाली गोठा, वर माणसं. वर जायला बाहेरून दगडी जिना, तो चढलं की थेट स्वयंपाकघर, आणि त्यात माणसं आत शिरून बसतील एवढी मोठी चूल. गोठा खाली का? थंडीत बैलांच्या अंगची ऊब वरच्या खोल्यांना मिळे म्हणून. आपल्या कोकणात नाहीतर देशावर गोठा घराला लागून असतो, तिथे तो घराच्या पोटात असे. घराच्या डोक्यावर कबुतरांसाठी एक चौकोनी मनोरा. वाल दि किआनाच्या सपाटीवर अशी घरं एकाच साच्यातली दिसतील. त्यांना लेओपोल्दिने म्हणतात, कारण 18 व्या शतकात टस्कनीचा ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याने शेतीची घडी बसवताना कुळांची घरं अशी नीट आराखड्याने बांधायला उत्तेजन दिलं.

आता सासूबाईंचा विचार करा. 'स्ताल्ला' म्हणजे गोठा. या नावाची खोली तळमजल्यावर असते, विटांच्या कमानींचं छत, क्वचित भिंतीला अजून गव्हाण तशीच. खिडक्या लहान, म्हणून प्रकाश कमी, पण उंबरा सोडला तर चढायला काही नाही. सासू-सासऱ्यांसाठी मी डोळे मिटून गोठा मागेन. (हे त्यांना भारतात असताना सांगू नका. तिथे पोचल्यावर, खोली आवडली की सांगा.) 'फियेनीले' म्हणजे गवताची माडी. तिच्या भिंतीत हवा खेळावी म्हणून विटांची जाळी असते, आता तिच्यामागे काच बसवतात. सकाळचा उजेड त्या जाळीतून जमिनीवर पडतो तो बघण्यासारखा, आणि ही खोली लेकीला आवडेल. 'ग्रानायो' म्हणजे धान्याचं कोठार. उंदीर आणि ओल टाळायला ते वरच्या मजल्यावर असे, म्हणून छत ठेंगणं आणि जिना नक्की. 'लिमोनाया' म्हणजे कुंड्यांतली लिंबाची झाडं हिवाळ्यात आत ठेवायची लांबट खोली, दक्षिणेला मोठमोठी काचेची दारं. ऑक्टोबरात ही खोली स्वर्ग आणि जुलैत भट्टी. 'विन्सान्ताया' हे नाव दिसलं तर समजा छपराखाली आहात. विन सान्तो नावाची गोड दारू लहान पिंपांत वर्षानुवर्षं तिथेच ठेवतात, कारण त्या दारूला उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही लागतात. दारूला मानवतं म्हणजे माणसाला मानवेलच असं नाही. आणि 'कोलोंबाया', म्हणजे तो कबुतरांचा मनोरा.

या मनोऱ्याने मला हा धडा शिकवला. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका वयस्कर जोडप्याला मी मनोऱ्यातली खोली घेऊन दिली. फोटोत चारही बाजूंना खिडक्या, खाली द्राक्षमळे, मी स्वतःच भाळलो. पायऱ्या किती हे विचारलंच नाही. त्रेचाळीस निघाल्या, त्यातल्या शेवटच्या बारा शिडीसारख्या. काका पहिल्या दिवशी एकदा चढले, आणि मग तिन्ही दिवस सकाळी उतरून रात्री झोपायलाच वर गेले. भर दुपारी अंगणातल्या बाकावर डुलक्या काढताना दिसायचे. तक्रारीचा एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. तेव्हापासून मी खोलीचा फोटो शेवटी बघतो.

राहिलं कारभाऱ्याचं घर, म्हणजे फात्तोरिया. माझी आवड विचाराल तर हेच. थाट विल्लाइतका नाही, पण भिंती जाड, खोल्या प्रमाणात, कडीपाटाची छतं (चेस्टनटच्या तुळया आणि त्यांवर पातळ भाजक्या विटा), पायाखाली लाल फरशी, आणि इस्टेटीचं सगळं कामकाज याच्या अंगणातून चालत असल्यामुळे अजूनही जिवंत. ऑक्टोबरात अंगणात पाऊल टाकलंत की तळघरातून आंबणाऱ्या रसाचा वास येईल.

ही घरं पाहुण्यांना मिळाली कशी, ते कळलं की दरांचंही कोडं उलगडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांची पुढची पिढी शेतावर राहायला तयार नव्हती. मुलं प्रातोच्या कापड गिरण्यांत गेली, पोन्तेदेराला व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्जोच्या कारखान्यात गेली. त्याच कंपनीच्या तीनचाकी आज आपल्या बारामतीत बनतात. 1964 च्या कायद्याने मेत्झाद्रीयाचे नवे करार बंद केले, आणि 1982 मध्ये उरलेल्या करारांचं खंडात रूपांतर करायची वाट उघडली. आपल्याकडे कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला, निदान कागदावर तरी. तिथे कायदा पुरता यायच्या आत कुळंच निघून गेली होती. घरांची छपरं कोसळली, गोठ्यात झाडं उगवली. ती पडकी घरं पुढे इंग्रज, जर्मन, स्विस लोकांनी घेतली, काही जुन्या घराण्यांनी कर्ज काढून सावरली. 1985 मध्ये अ‍ॅग्रितुरिस्मोचा पहिला राष्ट्रीय कायदा आला आणि 2006 मध्ये त्याच्या जागी नवा. दोन्हींचं सार एकच: शेतकऱ्याने पाहुणे ठेवायला हरकत नाही, पण शेती मुख्य आणि पाहुणे दुय्यम.

म्हणून पाटीवर 'अ‍ॅग्रितुरिस्मो' आहे, 'रेलै' (म्हणजे गावाकडचं ऐटीचं हॉटेल) आहे की 'होटेल', हे नुसतं सजावटीचं नाव समजू नका. अ‍ॅग्रितुरिस्मोत ऑलिव्ह उतरवायच्या दिवशी स्वागतकक्षात कुणी नसेल, कारण सगळे झाडावर असतील. न्याहारी मालकीणबाई स्वतः मांडतील. दोघांची खोली हंगाम आणि जागा बघून रात्रीला 100 ते 150 युरोंपासून मिळते. नावाजलेल्या इस्टेट हॉटेलांत हाच आकडा हजाराच्या पुढे जातो, आणि तिथे तलाव, मसाज, गणवेशातली माणसं हे सगळं येतं. तुमच्या तीन जागांपैकी जी सर्वांत महाग आहे तिथे, माझ्या मते, तुम्ही घराचे कमी आणि मसाजाचे जास्त पैसे देताय. सासूबाई मसाज घेणार आहेत का? नसतील तर ती काटा.

मालक कोण, हेही बघाच. काही ठिकाणी तेच घराणं शतकानुशतकं आहे: कियान्तीतला ब्रोलियोचा किल्ला रिकासोलींकडे 1141 पासून आहे, आणि त्यांच्यातला बेत्तीनो रिकासोली इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. काही ठिकाणी नवा मालक जुन्या घराण्यांपेक्षा जास्त जीव लावतो. तुम्ही जिथे जाताय त्याच वाल दोर्चा खोऱ्यात ला फोचे नावाची इस्टेट आहे. अंतोनिओ आणि आयरिस ओरिगो या जोडप्याने ती 1920 च्या दशकात घेतली तेव्हा तिथली जमीन धुपून बोडकी झाली होती. त्यांनी ती सुधारली, कुळांच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि युद्धात इटलीच्या उत्तरेतल्या शहरांतून आलेल्या निर्वासित मुलांना आसरा दिला. तिथली बाग सेसिल पिन्सेंट या इंग्रज वास्तुकाराची. तिथून दिसणारा सायप्रसच्या झाडांचा नागमोडी रस्ता हजार कॅलेंडरांवर 'मध्ययुगीन टस्कनी' म्हणून छापला जातो, पण आहे तो 20 व्या शतकातला. वाल दोर्चा 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली ती याच गोष्टीसाठी: माणसाने जाणूनबुजून देखणं केलेलं शेत. सिएनाला गेलात तर पालात्झो पुब्लिको या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये काढलेली भित्तिचित्रं जरूर बघा. चांगलं राज्य असेल तर शिवार कसं दिसतं, ते त्याने रंगवलंय. आणि मग खिडकीतून बघा.

मात्र तुम्ही फोटोत बघितलेली हिरवीगार मखमल ऑक्टोबरात नसेल. ती एप्रिल-मेची. जूनअखेर गहू पिवळा होतो, जुलैत कापणी, आणि ऑक्टोबरात शेतं नांगरलेली असतात: राखाडी, तपकिरी, ढेकळांची. मला ती जास्त आवडतात, पण दहापैकी सात जण पहिल्या संध्याकाळी 'फोटोत तर हिरवं होतं' म्हणतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. द्राक्षं बहुतेक उतरलेली असतील, मळ्यांची पानं लालपिवळी. महिनाअखेरीस ऑलिव्ह सुरू होतात. घाणा चालू झाला असेल तर बघायला मागा. ताजं तेल हिरवं आणि घशाला चरचरणारं असतं. ते भाजलेल्या पावावर लसूण चोळून ओततात. मी तिथे तेलाच्या बाटल्यांवर जेवढे पैसे घालवलेत त्याचा हिशेब घरी दाखवलेला नाही.

थंडीचं मात्र मनावर घ्या. दिवसा 18-20 अंश, रात्री 10 च्या आसपास. हे काही फार नाही, पण दगडी घर एकदा गार झालं की गारच राहतं. इटलीत घरं गरम करायचे दिवस सरकारी नियमाने ठरलेले आहेत. टस्कनीच्या बऱ्याच भागात ते 1 नोव्हेंबरपासून सुरू होतात, आणि त्या तारखेआधी रेडिएटर लावणं पुष्कळ मालकांना जिवावर येतं. म्हणून स्पष्ट विचारा: 'आम्ही असताना हीटिंग चालू असेल का? चुलीसाठी लाकडं मिळतील का, आणि त्यांचे वेगळे पैसे आहेत का?' तरी सासऱ्यांची कानटोपी आणि सगळ्यांचे लोकरी मोजे घ्याच. लाल फरशीवर अनवाणी चालायची सोय नाही. पोहण्याचा तलाव तोवर बहुतेक ठिकाणी बंद होतो. लेकीला आशा लावून ठेवू नका.

गावाकडच्या घरात जीवजंतू असायचेच. शरदात वास मारणारे तपकिरी ढेकणासारखे किडे उबेला घरात येतात. ते चिरडू नका, कागदावर घेऊन बाहेर टाका. दगडी भिंतीत कधी बारका काळा विंचू निघतो. आपल्या इंगळीच्या तुलनेत तो गरीबच, पण सकाळी चपला झटकून घालाव्या. आणि पहाटे बंदुकीचे बार ऐकू आले तर घाबरू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानात फिरायला जाल तर पायवाट सोडू नका आणि लेकीला भडक रंगाचं जाकीट घाला.

आता जेवण, म्हणजे तुमची खरी धास्ती. एक गोष्ट बरी आहे: टस्कनीचा जुना शेतकरी स्वयंपाक हा बराचसा पाव, वाल-घेवड्याचे दाणे आणि पालेभाजीचा. कुळाच्या घरी मांस रोज कुठून येणार? शिळ्या पावाची रिबोल्लीता, टोमॅटो आणि पावाची पाप्पा अल पोमोदोरो, सेज घालून टोमॅटोत शिजवलेले पांढरे दाणे, चण्याचं सूप. पीची नावाचा जाडा शेवयांसारखा पास्ता नुसत्या पीठ-पाण्याचा असतो, बहुधा अंड्याशिवाय, आणि आल्योने या मोठ्या सौम्य लसणाच्या टोमॅटो रश्शात तो फार छान लागतो. चेस्टनटच्या पिठाचं कास्तान्याच्चोही बिनअंड्याचं. पाव अळणी असतो. त्याला चूक समजून परत पाठवू नका, तिथे तो तसाच करतात.

गोची तपशिलात आहे. 'वेजेतारियानो' म्हटलं की आचारी मान डोलावतो आणि सूपमध्ये हॅमचं हाडूक टाकतो, कारण त्याच्या लेखी ते मांस नसून चव आहे. फोडणीच्या कांदा-गाजरात पान्चेत्ता, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, असू शकतो, पालेभाजीत अँचोवी मासा. म्हणून वाक्य सगळं बोला: 'नॉन मान्जामो ने कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दि कार्ने.' म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणीही नाही. अंडं चालत नसेल तर 'ने उओवा' जोडा. चीजबद्दल सासूबाई काटेकोर असतील तर आधीच सांगतो: पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवायचं विरजण) नियमानेच असतं, पिएन्झा गावच्या पेकोरीनो या मेंढीच्या चीजमध्येही बहुधा प्राणिज. वनस्पतीच्या रेनेटचं हवं तर 'काल्यो वेजेताले' असं विचारा, काही मेंढपाळ तसं करतात. इथे दुर्लक्ष करायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न, मी त्यात पडत नाही.

माझा सल्ला असा की हॉटेलच्या खोल्यांऐवजी त्याच इस्टेटीतलं स्वयंपाकघर असलेलं कुळाचं घर घ्या. पाच जणांना ते स्वस्तही पडतं. एक वेळ मुगाची खिचडी, एक वेळ त्यांच्या टेबलावर. डाळ आणि मसाला न्या, पण साजूक तूप आणि पेढे सामानात घालू नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. रात्रीचं जेवण इस्टेटीत हवं असेल तर बहुधा त्याच दिवशी सकाळी सांगावं लागतं, आणि साडेसातआधी कुणी वाढत नाही. दुपारी अडीचनंतर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. एकदा मी चौदा जणांना घेऊन तीन वाजता उपाशी पोचलो होतो. मालकीणबाईंनी पाव-तेल मांडलं, आमच्यातल्या काकूंनी चिवड्याचा डबा उघडला, आणि त्या डब्यापुढे मालकीणबाईही बसल्या.

गाडी लागेलच. तिथे बस दिवसातून दोनचार, टॅक्सी आधी ठरवावी लागते. भारतीय परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि गाडीच्या अनामतीसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड. पण फ्लोरेन्समध्ये गाडी घेऊ नका. जुन्या शहरात झेडटीएल नावाचे बंदी भाग आहेत, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. रेल्वेने कियूझीला उतरा, ते फ्लोरेन्स-रोम मार्गावरच आहे, तिथून गाडी घ्या. पिएन्झा तिथून पाऊण तासावर. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बहुधा 'स्त्रादा बियांका', म्हणजे खडीचा पांढरा रस्ता. आपल्याला त्याची सवय आहे, उगाच घाबरू नका. रात्री मात्र रानडुकरं आडवी येतात, म्हणून पहिल्या दिवशी उजेडात पोचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधारतं. तुमच्या तारखा त्याआधीच्या आहेत, बरं झालं.

सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येला मोन्तेस्पेर्तोलीजवळ मोन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे, आता तिथे पाहुणे राहतात. युद्धात फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयाची चित्रं बाँबहल्ल्यापासून वाचवायला गावोगावच्या वाड्यांत हलवली होती, त्यातली बरीच इथे. 1944 च्या उन्हाळ्यात 8 व्या भारतीय डिव्हिजनचे जवान या भागात लढत होते, आणि बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' या वाड्यात भिंतीला टेकून ठेवलेलं असताना तिथे मुक्काम होता मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. फ्लोरेन्सला ते चित्र बघताना सासऱ्यांना हे सांगा, रांगेचा शीण जाईल. ऊंब्रियाकडे वळलात तर मोन्तोने या गावात नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ 2023 मध्ये उभारलेलं सूर्यघड्याळ आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा जवान 10 जुलै 1944 ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता पत्र लिहा. इंग्रजीत चालेल, लहान ठेवा. इमारतीत पूर्वी काय होतं, गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, आतल्या आणि बाहेरच्या मिळून, हीटिंग, त्या चार दिवसांत इस्टेटीत लग्न आहे का (असेल तर रात्री बारापर्यंत गाणी आणि तुमच्या वाट्याला अंगणाचा कोपरा), शेती अजून स्वतः करता का. रात्रीच्या दरावर माणशी स्थानिक पर्यटन कर वेगळा पडतो, तो किती तेही विचारा. जाहिरातीत सीआयएन नावाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का बघा. 2025 पासून तो सक्तीचा आहे, नसेल तर पैसे पाठवू नका. पोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, पोलिसांकडे नोंद करावी लागते म्हणून. त्यात संशयाचं काही नाही.

पायऱ्यांच्या प्रश्नाला 'थोड्याशाच आहेत' असं उत्तर आलं तर पुन्हा लिहून आकडा मागा. तिन्ही जागांची उत्तरं आली की इथेच टाका, कोणती खोली कुणाला द्यायची ते बघू.